वारा, पाणी आणि मुलांची खोली

शेगावातील भेटवस्तूंच्या दुकानांत हसरा बुद्ध, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, पवनघंटा आणि स्फटिकाचे गोळे आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु हीच सामग्री, विशेषतः मुलांच्या मेजावर ठेवावयाचा बहुमजली ‘विद्येचा मनोरा’, काही औषधालयांच्या फळीवर सारस्वतारिष्टाच्या शेजारी दिसू लागला, तेव्हा मौन बाळगणे आम्हांस उचित वाटेना. औषधालयाच्या फळीवर जे असते ते वैद्यसंमत आहे, असेच ग्राहक समजतो.

फेंगशुई या चिनी शब्दाचा अर्थच मुळी वारा आणि पाणी असा आहे. उत्तरेचे थंड वारे अडावेत व दक्षिणेचे ऊन घरात यावे, ही त्या देशाची गरज. दक्षिणाभिमुख घर तेथे शुभ ठरले ते त्यामुळे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वऱ्हाडास तोच नियम लावणे म्हणजे देशविचार सोडून देणे होय. जांगल देशातील रुग्णास आनूप देशाची चर्या आपण सांगत नाही. शिवाय फेंगशुईत ईशान्य ही पर्वताची व ज्ञानाची दिशा मानतात, तर आपल्या वास्तुशास्त्रात ती जलाची, हलकी व मोकळी ठेवावयाची. एकाच घरात दोन्ही सल्ले पाळू पाहणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

असेच एक पालक गतवर्षी आमच्याकडे नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आले. अभ्यासात लक्ष नाही, डोके दुखते, ही तक्रार. सल्लागाराच्या सांगण्यावरून मेज ईशान्येच्या कोपऱ्यात नेले होते व त्यावर मनोरा होता. आम्हीही दोन महिने मेध्य औषधे दिली. मूल वाचते कोठे, उजेड कोठून येतो, हे आम्ही विचारलेच नाही. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. आणि शाळेतील फळ्यावरची अक्षरे त्या मुलास दिसतच नव्हती, हे नेत्रतपासणीनंतर कळले. सल्लागारास दोष देताना आमचे दोन महिनेही मोजले पाहिजेत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. आपण सर्वांनी ते पदवीच्या परीक्षेसाठी पाठ केले आणि बहुतेकांनी तेथेच सोडले. घर वास्तुविद्या जाणणाऱ्याने बांधावे, असे चरकाचार्यही म्हणतात. मात्र त्यापुढे ते जे मागतात ते पाहावे: खोली अंधारी नसावी, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, पण एका बाजूने वारा खेळावा, उंदीर, डास, कीटक नसावेत, पाणी, स्नान, मलमूत्र व स्वयंपाक यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, ऋतूनुसार ती सुखकर असावी. बालकाने मणी धारण करावेत, हेही त्याच अध्यायात आहे, ते आम्ही लपवीत नाही. परंतु ते येते खोली, अंथरूण आणि धूपन यांच्यानंतर. खेळणी जड, टोकदार किंवा तोंडात जातील अशी नसावीत, हा इशाराही तेथेच आहे. दोऱ्यात ओवलेले स्फटिकमणी व नाणी लहान मुलांच्या खोलीत टांगणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

आता आपल्याकडील वारा आणि पाणी. उन्हाळ्यात वऱ्हाडातील घरांत हे दोन्ही एकत्र आणतो तो कूलर. त्याची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली नाही, तर मुलाच्या उशाशीच डासांची पैदास होते. पाण्याचे तर विचारूच नये. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपल्या तालुक्यालाही भिडलेला आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी बोंडगाव, कालवड परिसरात लोकांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा शंका प्रथम पाण्यावर गेली. पुढे तपासाचा रोख सेलेनियमकडे व गव्हाकडे वळला. त्या दिवसांत घरोघरी विचारणा झाली ती पाण्याची आणि धान्याची. बेडकाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, याची नव्हे.

आणि फेंगशुईच्या मायभूमीतील एक दाखला. ग्वांगझू येथील १२ शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेले. तीन वर्षांत नव्याने जडलेला निकटदृष्टिदोष त्या शाळांत ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के आढळला. खर्च काय, तर उघडे आकाश.

आमची सूचना दोन ओळींची आहे. मुलांच्या केसपेपरवर चार प्रश्न छापून घ्यावेत: मूल झोपते कोठे, खिडकी उघडते का, पाणी कोणते, अभ्यासाच्या वेळी उजेड कोणत्या बाजूने येतो. आणि औषधालयाची फळी औषधांसाठीच ठेवावी. हे बोलून दाखविले तेव्हा एका औषधालयचालक मित्रांनी विचारले, “मग पडून राहिलेल्या मालाचे काय करू?” भेटवस्तूंच्या दुकानास मूळ किमतीत द्या, असे आम्ही सुचविले. तोटा होईल, असे ते म्हणाले. होईल, हे खरे आहे.