भीती चुकीच्या पंपाची

‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘त्यात स्टेरॉईड असतं’. दमेकऱ्याच्या घरी औषधाच्या आधी ही वाक्यं पोचतात. लग्नाची मुलगी असेल तर ‘चारचौघांत ओढू नकोस’ हेही.

पहिला आक्षेप तर उलटाच आहे. दम्याच्या उपचाराची सुरुवातच पंपाने होते. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे फुप्फुसात हवं असलेलं औषध आपण चाळीसपट घेऊन अंगभर फिरवतो, हात थरथरतात, छाती धडधडते. तरी गोळी ‘साधी’ आणि पंप ‘जालीम’!

स्टेरॉईडचं म्हणाल तर असतंच, आणि तेच हवं असतं. दम्यात श्वासनलिका नुसत्या आवळत नाहीत, आतून सुजलेल्या असतात, आणि ही सूज उतरवायला रोजच्या उपचारात स्टेरॉईडइतकं भरवशाचं औषध नाही. त्याचे तोटे आहेत. आवाज बसतो, तोंडात बुरशी येते, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरायची. लहानपणापासून घेणाऱ्या मुलांची उंची सेंटीमीटरभर कमी राहू शकते, हेही लपवू नये. पण जो माणूस या मायक्रोग्रॅमना भितो, तोच धाप वाढली की स्टेरॉईडच्या गोळ्या मुकाट गिळतो. त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते.

सवयीचा आरोप मात्र मी निम्मा मान्य करतो. तो लागू पडतो बहुधा निळ्या असणाऱ्या, तात्पुरता आराम देणाऱ्या पंपाला. दोन झोत घेतले की काही मिनिटांत मोकळं वाटतं, सूज तशीच राहते. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता असा पंप देऊ नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड हवंच. आपल्याकडे निळा खिशात असतो आणि सूज उतरवणारा बरं वाटलं की बंद होतो. भीती आहे, पण नको त्या पंपाची.

मग दम्यावर उपाय म्हणून हैदराबादला मृगाच्या सुमारास जिवंत मासा गिळायला रांग लागते, आपल्याकडे कोजागिरीला खिरीतून औषध मिळतं. (खिरीशी माझं भांडण नाही.) दमा आपणहूनही चढतो-उतरतो. उतरला की श्रेय खिरीला आणि चढला की दोष पथ्याला.

खरा राग धरायचा तर पंप लिहून देऊन तो कसा ओढायचा हे न दाखवणाऱ्यांवर धरा. झोताच्या पंपाला सावकाश, खोल श्वास लागतो. पावडरच्या पंपाला जोरदार. दोन्हींनंतर दहा सेकंद श्वास रोखायचा. पावडरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही असतात, आणि मग ‘पंपाने काही होत नाही’ म्हणतात.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. चुकत असेल तर त्यांना दुरुस्त करायला लावा.