आंघोळीचे बाळ

भोरच्या आमच्या घरी चैत्रगौरीच्या आराशीत बोटभर उंचीचे एक चिनी मातीचे बाळ असे. हात, पाय, डोके सारे एकाच साच्यातले. काही हलायचे नाही. आई त्याला पाण्याच्या वाटीत निजवी. नाव आंघोळीचे बाळ. वेल्ह्याला आजोळीही त्याला हेच म्हणत. आईने ते तिथूनच आणलेले.

परवा एक संग्राहक गृहस्थ आले. भिंग लावून म्हणाले, "अहो, ही तर फ्रोझन शार्लट!" आणि वहीत तसे टिपून घेतले. मी आमचे नाव सांगितले, तेव्हा हसले. "ते घरगुती झाले."

मला राग आला तो या हसण्याचा. ही शार्लट आहे तरी कोण? १८४३ साली सेबा स्मिथ या अमेरिकन लेखकाने एक कविता छापली. नाचाला निघालेली नटवी मुलगी पांघरूण घेईना आणि बर्फावरच्या गाडीतच गोठून मेली, अशी ती कथा. पुढे संग्राहकांनी हे मढ्याचे नाव बाहुलीच्या माथी मारले. बाहुल्या घडल्या जर्मनीत, आणि तिथले त्यांचे नाव बादेकिंडर, म्हणजे आंघोळीची मुले! आमच्या आजीला जर्मनचा गंध नव्हता. तिने वस्तू पाहिली आणि नाव ठेवले. मग घरगुती कोण आणि अडाणी कोण?

नवे नाव म्हणजे पाप, असे मी म्हणत नाही. झिलईची ती 'चायना', बिनझिलईची ती 'बिस्क', हा भेद कामाचा आहे. आमच्या 'चिनी माती'त तो मावत नाही. (शिवाय ही चिनी माती जर्मनीची, हे आहेच.) पण पांढऱ्या बिनझिलईच्या बाहुलीला 'पेरियन' म्हणून ग्रीसमधल्या पारोस बेटाच्या संगमरवराची ऐट कशाला?

वेल्हे तालुक्याचे नाव २०२४ साली राजगड झाले. कुणाला रुचो न रुचो, त्यामागे सरकारी निर्णय आहे, कागद आहे; जुन्या दस्तातले वेल्हे कुठले, हे उद्याही कळेल. संग्राहकांच्या नामांतराला ना ठराव, ना तारीख. जुन्या यादीतली 'आंघोळीचे बाळ, नग १' ही नोंद नव्या यादीत कुणी कशी शोधावी?

गृहस्थांनी बाळ मागितले आहे. मी कळवले, वहीत आधी आमचे नाव आणि गाव लिहा, खाली तुमची शार्लट. महिना झाला, उत्तर नाही. बाळ वाटीत आहे.