दोन मिनिटांची लाज

आमच्या साडूंना चित्रपटातलं फार कळतं. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. उमेदीच्या काळात ते एका फिल्म सोसायटीचे चिटणीस होते आणि त्या चिटणीसगिरीचा अंमल अजून उतरलेला नाही. पहिला अर्धा तास ज्यात कोणी बोलत नाही तो चित्रपट चांगला आणि शेवटपर्यंत कोणीच बोलत नाही तो थोर, अशी त्यांची साधारण कसोटी. माझी कसोटी त्याहून सोपी आहे. मला झोप लागली नाही की चित्रपट चांगला.

गेल्या महिन्यात ते जेवायला आले होते. दुसरी पोळी वाढता वाढता आमच्या हिने बातमी फोडली.

"भावोजी, तुमच्या साडूंनी तो मारामारीचा सिनेमा काल तिसऱ्यांदा पाहिला."

"कुठला?"

"'स्लॅप शॉट'," मी आमटीच्या वाटीत बघत म्हणालो.

साडूंनी हातातला घास ताटात ठेवला. "तो? पॉल न्यूमनचा? बर्फावरच्या हॉकीचा? अहो, काय हे! शिव्या, मारामारी आणि शेवटी नागडेपणा. या तीन गोष्टी वजा केल्या तर त्यात राहतं काय?"

मी म्हणालो, "आमटीत मीठ जरा कमी वाटतंय का?"

वादात मी हा असा. मला उत्तर सुचतं ते पाहुणे रिक्षात बसून कोपऱ्यावर वळल्यानंतर. तेव्हाचं राहिलेलं उत्तर आता इथे देतो. साडूंनी वाचलं तर ठीक, नाही वाचलं तर अधिक ठीक.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत. १९७७ सालचा हा अमेरिकन चित्रपट. चार्ल्सटाउन नावाचं एक गिरणीचं गाव, आणि त्या गावाचा 'चीफ्स' हा हॉकीचा संघ. ही हॉकी आपली ध्यानचंदांची नव्हे. पायात धारदार पात्यांचे बूट, खाली बर्फ, आणि चेंडूऐवजी एक इंच जाडीची रबराची चकती. ती उसळू नये म्हणून आधी गोठवून घेतात. काठी उंच उचलून या चकतीला जो सणसणीत तडाखा हाणायचा, त्याचं नाव स्लॅप शॉट. या संघाचा म्होरक्या रेज डनलॉप, म्हणजे पॉल न्यूमन, हा खेळाडूही आहे आणि प्रशिक्षकही. वय झालेलं, बायको सोडून गेलेली, संघ सारखा हरतोय. अशात बातमी येते की गावातली पोलादाची गिरणी बंद होणार, दहा हजार माणसं घरी बसणार. गिरणी नाही तर तिकीट काढणार कोण? म्हणजे हंगाम संपला की संघाचाही निकाल.

मग व्यवस्थापक स्वस्तात मिळाले म्हणून तीन भाऊ विकत आणतो. हॅन्सन बंधू. तिघांचे खांद्यापर्यंत केस, तिघांना काळ्या जाड काड्यांचे चष्मे, आणि सामानात खेळण्यातल्या मोटारी. गावात पाऊल टाकल्या टाकल्या ते नाणं गिळणाऱ्या यंत्राला बुकलून काढतात. डनलॉप पहिले काही सामने त्यांना बाकावरच बसवून ठेवतो. एकदा नाइलाजाने सोडतो, आणि ते असे काही सुटतात की विचारू नका. समोरचा संघ, पंच, प्रेक्षक, कुणाचीही भीडमुर्वत नाही. आपण ज्या चंदेरी कागदात डब्यातल्या पोळ्या गुंडाळतो, तो कागद ही पोरं हातमोज्यांच्या आत मुठींना गुंडाळतात. लोक खूष. संघ जिंकू लागतो, तिकिटं खपू लागतात, आणि डनलॉपला शोध लागतो की लोकांना खेळ नको आहे, रक्त हवं आहे.

आता साडूंचा पहिला आक्षेप. शिव्या.

"कुठल्या घरंदाज बाईला हे ऐकवेल का?" असं साडू त्या दिवशी म्हणाले होते. तर साडूसाहेब, हे ऐकणं सोडा, हे सगळं एका बाईनेच लिहिलेलं आहे. तिचं नाव नॅन्सी डाउड. तिचा भाऊ नेड हा पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन गावात 'जॉन्सटाउन जेट्स' या संघाकडून खेळायचा. बहिणीच्या सांगण्यावरून तो ध्वनिमुद्रक घेऊन कपडे बदलायच्या खोलीत आणि संघाच्या बसमध्ये बसला. चित्रपटातली भाषा ही अशी गोळा केलेली. आपल्याकडे कुणी खेड्यातल्या ओव्या गोळा करतं, हिने शिव्या गोळा केल्या. याच नॅन्सीबाईंना १९७९ साली 'कमिंग होम'च्या कथेसाठी ऑस्करमध्ये वाटा मिळाला. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल यांना तर 'द स्टिंग'साठी आधीच मिळालेलं होतं. तेव्हा ही काही नाक्यावरची टवाळ पोरं नव्हेत. जाणत्या माणसांनी जाणूनबुजून केलेला हा वाह्यातपणा आहे. प्रदर्शित झाला तेव्हा पुष्कळ समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला तो या भाषेपायीच, आणि रुमाल लावला की डोळ्यांनाही जरा कमीच दिसतं.

तीन हॅन्सनांपैकी दोघे, जेफ आणि स्टीव्ह कार्लसन, हे जेट्सचेच खरे खेळाडू आणि खरे सख्खे भाऊ. त्यांचा तिसरा भाऊ जॅक यालाही घ्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी वरच्या दर्जाच्या एका संघाचं बोलावणं आलं आणि तो गेला. मग त्याच्या जागी संघातलाच डेव्ह हॅन्सन उभा केला. म्हणजे पडद्यावरच्या तीन हॅन्सन बंधूंमध्ये खरा हॅन्सन एकच, आणि तो कुणाचा बंधू नव्हे. चित्रीकरणही जॉन्सटाउनमध्येच झालं. तिथल्या गिरण्यांचा धूर हा गिरण्यांचाच धूर आहे.

दुसरा आक्षेप, मारामारी. आहे. भरपूर आहे. एका सामन्यात तर सामना सुरू व्हायच्या आधी, नुसते हातपाय मोकळे करायला उतरले असतानाच, दोन्ही संघ एकमेकांना रक्तबंबाळ करतात. पुढच्याच दृश्यात सगळे रांगेत ताठ उभे आणि राष्ट्रगीत चालू. पंच हळूच स्टीव्ह हॅन्सनपाशी येतो आणि पुन्हा दंगा केलास तर याद राख म्हणून दम भरतो. तर हा रक्ताळलेला सद्गृहस्थ त्यालाच खेकसतो की गप्प बस, राष्ट्रगीत चालू आहे, ऐकू दे! मी तिन्ही वेळा खुर्चीवरून घसरलो. पण हसू ओसरल्यावर जरा विचार करा. हे फक्त त्या तीन पोरांचं चित्र आहे का? आपल्यापैकी कितीजण दिवसभर एकमेकांच्या नरड्याला लागतात आणि मानाचं गाणं लागलं की ताठ उभे राहतात?

तरी हे दोन्ही आक्षेप वरवरचे. या चित्रपटातलं सगळ्यात असभ्य दृश्य साडूंच्या नजरेतून सुटलंच. त्यात कोणी कुणाला मारत नाही. ते एका प्रशस्त, नीटनेटक्या घरात घडतं.

संघाचा मालक कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. डनलॉप खनपटीला बसून पत्ता काढतो. मालक निघते एक श्रीमंत बाई. गोड बोलणारी, चांगल्या कपड्यांतली, मुलांच्या वळणाची काळजी करणारी. आपल्या मुलांना ती हॉकी बघू देत नाही, कारण त्यात फार हाणामारी असते. डनलॉप म्हणतो, आता संघ जिंकतोय, विकून टाका, गिऱ्हाईक मिळेल. ती शांतपणे म्हणते की विकता येईल कदाचित, पण संघ बंद करून तोटा दाखवला तर करात जास्त सूट मिळते. झालं! एका संघाचा संसार मोडला, आणि आवाजही चढला नाही. साडू, हे तुम्हाला अश्लील वाटलं नाही?

डनलॉप त्यावर तिला जे सुनावतो ते मात्र मलाही मान्य नाही. तिच्या लहान मुलाचं नाव घेऊन, समलिंगी माणसांना हिणवणारं असं तो बोलतो. त्याची वकिली मी करणार नाही. ज्या माणसाकडे बोलायला दुसरं काही उरत नाही, तो हाताला लागेल ते फेकतो आणि ते भलत्याच्याच डोक्यात बसतं. पण त्या खोलीत शिवी कुणी दिली असं विचाराल, तर पहिली शिवी तिने दिली. तिच्या शिवीत वाईट शब्द नव्हता एवढंच.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. माझे मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तरुणपणी गिरणीच्या कबड्डी संघातून खेळायचे. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकली नाही, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. त्यातली पुष्कळशी पुन्हा कामावर गेलीच नाहीत. मामा त्यांतले. गिरणीच्या कबड्डी संघाचं पुढे काय झालं म्हणून विचारायला कुणाला सवड होती? दीड-दोन वर्षांनी मामींनी ट्रंक आवरताना एक जुनी बनियन काढली, छातीवर गिरणीचं नाव छापलेली, आणि फरशी पुसायला घेतली. मामा आतून आले. त्यांनी ते पाहिलं आणि अशी एक शिवी हासडली की आम्ही पोरं जागच्या जागी थिजलो. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते फडकं उचललं, नळाखाली स्वच्छ धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवलं. मामांची तेवढी एकच शिवी मी ऐकली. ती कुणाला होती ते मला तेव्हा कळलं नव्हतं. 'स्लॅप शॉट' पाहताना थोडंफार कळलं.

आता तिसरा आक्षेप, नागडेपणा. अंतिम सामन्याच्या आधी डनलॉप पोरांना सांगतो की बास झाली गुंडगिरी, आज सरळ, जुन्या वळणाचं खेळू. समोरच्या संघाने मात्र देशभरातून निवडून गुंड आणलेले. पोरं सरळ खेळतात आणि गुरासारखा मार खातात. मध्यंतरात व्यवस्थापक धावत येतो : मोठ्या संघांचे लोक तुम्हाला बघायला आलेत, आणि त्यांना दांडगट खेळाडू हवेत! झाली पुन्हा धुमश्चक्री. संघात ब्रेडन नावाचा एकच पोरगा शिकलेला, कधीही हात न उचलणारा. तो मैदानात येतो, आणि सगळे एकमेकांची डोकी फोडत असताना बर्फावर गिरक्या घेत एकेक कपडा उतरवू लागतो. बँडवाले साथ देतात. मारामारी थांबते. आणि समोरच्या संघाचा तो रक्ताने माखलेला म्होरक्या पंचाकडे जाऊन तक्रार करतो की हे फार अश्लील चाललंय, थांबवा! पंच ऐकत नाही म्हणून तो पंचालाच ठोसा लगावतो, पंच सामना चीफ्सना बहाल करतो, आणि ब्रेडन लंगोटावर करंडक मिरवतो.

साडू, राग मानू नका, पण त्या म्होरक्याच्या जागी मला तुम्ही दिसलात. माणसांची डोकी फुटत होती तोवर तुमची तक्रार नव्हती. दहा हजार माणसं घरी बसली तेव्हाही नव्हती. एकाने सदरा काढला आणि तुमची संस्कृती धोक्यात आली.

पुढची हकिगत चित्रपटाबाहेरची आहे. १९७७ च्या जुलैत जॉन्सटाउनला मोठा पूर आला. खरा जेट्स संघ त्याच वर्षी बंद पडला. १९९२ साली बेथलेहेम कंपनीने तिथला पोलादाचा कारभार आवरता घेतला. पण १९८८ मध्ये गावाने पुन्हा एक संघ उभा केला होता, आणि त्याचं नाव काय ठेवलं म्हणता? चीफ्स! साडूंच्या त्या असभ्य चित्रपटातलं नाव त्या गावाने अंगावर घातलं आणि २०१० पर्यंत, बावीस वर्षं मिरवलं. ज्यांची टर उडवली त्यांनीच नाव उचललं. याहून मोठं परीक्षण कुठल्या चिटणीसाने लिहिलंय?

चित्रपटाच्या सुरुवातीला संघाचा गोलरक्षक मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिक्षेचा नियम समजावून सांगतो. चुकीचं वागलं की त्या चौकटीत एकट्याने जाऊन बसायचं, दोन मिनिटं लाज वाटून घ्यायची, मग मोकळं. नियम मला फार आवडला. हा चित्रपट पाहिल्याबद्दल मी दोन मिनिटं लाज वाटून घेतो. साडूंनी सांगावं, त्या नीटनेटक्या घरातल्या बाईला कुठल्या चौकटीत बसवायचं?

हे सगळं लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवलं. ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाली, "अहो, हे सगळं त्या दिवशी भावोजींच्या तोंडावर बोलायचं होतंत. आमटीला कशाला नावं ठेवलीत?"

मी दोन मिनिटं गॅलरीत जाऊन बसलो.