विद्यापीठाचे कुंपण आणि शेजारची आळी

विद्यापीठाचा शेजार कोणता, हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या बाबतीत थोडा निराळा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि पूर्वी निरनिराळ्या विद्यापीठांना संलग्न असलेली आयुर्वेद महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. ज्या ज्या गावी असे महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, ते ते गाव विद्यापीठाचाच शेजार होय, असे आम्ही मानतो. हा शेजारधर्म मात्र बहुधा शिबिरापुरताच पाळला जातो.

आमचा दवाखाना अशाच एका महाविद्यालयाच्या कुंपणालगत आहे. तेथील शिबिरातून एका वृद्ध भाजीवाल्या बाईंनी पंधरा दिवसांच्या गोळ्या नेल्या. गुडघ्यांना चांगला उतार पडला. सोळाव्या दिवशी त्या रिकामी पुडी घेऊन आमच्याकडे आल्या. पुडीवर ना औषधाचे नाव, ना मात्रा. केसपेपर रुग्णालयातच राहिलेला. समोरच्या औषधविक्रेत्याने गुग्गुळकल्पांच्या चार डब्या पुढे मांडल्या. त्यांतील नेमका कोणता, हे आम्हांसही सांगता येईना. पुढे त्या बाई वेदनाशामक गोळ्यांवर गेल्या.

शिबिरे नकोत असे आमचे म्हणणे नाही. (त्यांमुळे आपले रुग्ण घटतात, ही काही व्यवसायबंधूंची कुरकुर आम्हांस क्षुद्र वाटते.) परंतु कोणते कल्प दिले जाणार याची यादी परिसरातील वैद्य व औषधविक्रेते यांना आधी मिळावी, रुग्णाच्या हाती निदान व औषधयोजनेची चिठ्ठी असावी आणि दाखल झालेला रुग्ण घरी जाताना पुन्हा त्याच्या मूळ वैद्याकडे पाठविला जावा. यास वेगळा निधी लागत नाही.

द्रव्यगुण विभागाने तर काष्ठौषधी विक्रेत्यांना नमुन्यांसह बोलवावेच. अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात येते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती ओळखण्याची साधने विभागात आहेत. कोणता माल कोणत्या रानातून येतो, हे ज्ञान मात्र दुकानदाराच्या गादीवर आहे. वनस्पती नामरूपाने जाणणारे म्हणून चरकसंहितेत गुराख्यांचा व मेंढपाळांचा निर्देश आहे, हे अध्यापकांना आम्ही सांगावयास नको.

दोष एकतर्फी नाही. इतकी वर्षे शेजारी राहून आम्ही स्वतः त्या ग्रंथालयाची पायरी दोनदाच चढलो आणि एकाही आंतरवासी विद्यार्थ्यास आमच्याकडे बसावयास बोलाविले नाही. येत्या शिबिरापूर्वी चिठ्ठीचा एक नमुना घेऊन प्राचार्यांना भेटावयाचे ठरविले आहे. समोरच्या औषधविक्रेत्यानेही सोबत येण्याचे कबूल केले आहे.