निरोप कुणाचा, उत्तर कुणाचं?



'मोबाइलवर आलेलं काही खरं मानू नका,' असं हल्ली आपण प्रत्येक मेळाव्यात सांगतो. मला हा सल्ला दिवसेंदिवस अपुरा वाटू लागला आहे. योजनेचा अर्ज मोबाइलवर, गॅसचा नंबर मोबाइलवर, शाळेची सूचना मोबाइलवर. काहीच मानायचं नाही तर बाईनं करायचं काय? शिवाय हा सल्ला घरी पोचेपर्यंत 'पोरीच्या हातात मोबाइल नको' असा होऊन जातो, हेही आपण जाणतो.

त्यापेक्षा एखादा निरोप घेऊन तो नीट उसवून पाहावा. २०२१च्या एप्रिलमधला घ्या. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना करोनाची लस खुली होणार होती. नेमक्या त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरू लागलं की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बायकांनी लस घेऊ नये, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते. पाळीचे दिवस धरले तर हा जवळजवळ अर्धा महिना झाला! नंबर लागायची मारामार असताना अर्धा महिना बाद. २४ एप्रिलला केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं हा निरोप खोटा असल्याचं जाहीर केलं. तोवर तो किती घरांत पोचला असेल, याचा अंदाज वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही करता येईल.

तो पटला का? पाळीतली बाई अशक्त, तिनं अमुक करू नये, तमुक शिवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच जुन्या समजुतीला 'प्रतिकारशक्ती' या शब्दाचा नवा सदरा चढवला होता. पण माझ्या मते याहून मोठं कारण वेगळं आहे. लस घेतल्यावर पाळी पुढे गेली, अंगावरून जास्त गेलं, असं पुढे देशोदेशीच्या बायका सांगू लागल्या. लशींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल नीट विचारलंच गेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. 'टेन्शन घेऊ नका' एवढंच पुष्कळजणींच्या वाट्याला आलं. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४,००० स्त्रियांच्या पाळीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीच्या एका डोसानंतर पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबते आणि पुढे पूर्ववत होते, असं त्यात दिसलं. म्हणजे निरोप खोटा होता, पण बायकांच्या मनातली शंका रास्त होती. ती कुणी वेळेवर विचारातच घेतली नाही, आणि त्या मोकळ्या जागेत निरोप जाऊन बसला.

यावर कुणी म्हणेल, हे सारं अशिक्षितपणाचं. तर मग बोरिवलीच्या अलीकडे कांदिवलीत काय झालं ते पाहा. ३० मे २०२१ रोजी तिथल्या एका उच्चभ्रू सोसायटीत लसीकरण शिबिर झालं. अंधेरीच्या एका नामांकित रुग्णालयाचा प्रतिनिधी म्हणवणाऱ्या माणसानं ते ठरवलं होतं. माणशी १,२६० रुपये देऊन सुमारे ३९० जणांनी सुई टोचून घेतली. शिबिर बनावट निघालं. बाटल्यांत मिठाचं पाणी असावं असा पोलिसांचा संशय होता. मुंबईत अशा शिबिरांत २,०५३ लोक फसल्याचं राज्य सरकारनं उच्च न्यायालयात सांगितलं. शिकलेले, इंग्रजी वाचणारे लोक होते हे. त्यांना कुणी 'अडाणी' म्हटलं नाही. तो शब्द आपल्याकडे वस्तीतल्या बाईसाठी राखून ठेवलेला असतो.

पण या रहिवाशांकडून शिकण्यासारखंही आहे. टोचताना फोटो काढू दिला नाही, कुणालाच ताप आला नाही, मोबाइलवर संदेश आला नाही, याची त्यांनी आपसात चर्चा केली. मग प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी. त्यांनी त्या रुग्णालयांकडेच चौकशी केली, आणि 'आम्ही लस पुरवलेली नाही' हे उत्तर मिळालं. प्रमाणपत्र खऱ्या सरकारी पोर्टलवरून आलेलं असूनही त्यांनी त्यावर भिस्त ठेवली नाही. शेजारणीला विचारणं, तारखा आणि नावं ताडून पाहणं, ज्याचं नाव घेतलंय त्यालाच गाठणं. याला संगणकाचं शिक्षण लागत नाही.

आपल्या चळवळीला हे नवंही नाही. १९८०च्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती लागत. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा रोख असे. डॉक्टरची पदवी असलेला माणूस सांगतोय म्हणून आपण गप्प बसलो नाही. हा सल्ला कुणाच्या कमाईचा, असं विचारलं, आणि १९८८मध्ये राज्यात कायदा झाला. पुढे त्याच जाहिराती पडद्यावर आल्या आणि २०१६-१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना त्याबाबत आदेश द्यावे लागले.

आणि उत्तराची जागा अजूनही मोकळी राहते. सप्टेंबर २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवऱ्यानं टाकलेली, घटस्फोटित, विधवा, जिचे वडीलही हयात नाहीत, तिनं कुणाचा द्यायचा? पडद्यावर त्याला उत्तर नव्हतं. अशी बाई जो कुणी 'करून देतो' म्हणेल त्याच्याकडे गेली आणि बनावट संकेतस्थळांवर तिची माहिती गेली, तर दोष तिच्या भोळेपणाला द्यायचा का? पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा स्त्रियांनी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यावेत, अशी सोय झाली. ती पहिल्याच दिवशी का नव्हती, हा प्रश्न आपण महिला व बालविकास खात्याला विचारायला हवा. मला तो संकेतस्थळाचा पत्ता पाठ करण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

म्हणून गटांना एक विनंती. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्या वस्त्यांत आपलं काम आहे, तिथे या तीन महिन्यांत बायकांना आलेले निरोप गोळा करा. प्रत्येकापुढे लिहा की तो वाचून बाईला नेमका कोणता प्रश्न पडला, तिनं कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं. आरोग्य केंद्र, वॉर्ड ऑफिस, रेशनिंग ऑफिस, जिथे विचारलं त्याचं नाव आणि तारीख हवी. पुढच्या अंकात आपण ती उत्तरं छापू, आणि जिथे मिळाली नाहीत तिथे ती जागा कोरी ठेवून छापू. निरोप जसे आले तसे, चुकांसकट पाठवा. फक्त बाईचं नाव आणि नंबर खोडून.