एमजीबीवर अन्याय नको



स्विफ्ट स्पोर्टपुढे एमजीबी म्हणजे निव्वळ शोभेची गाडी, हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. आकडे मान्य. स्विफ्टचं १.४ लिटरचं टर्बो इंजिन १४० अश्वशक्ती देतं, एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन जेमतेम ९५. भर पावसात मुलांना शाळेत सोडायला मीही स्विफ्टच काढेन. पण एमजीबी वेगळ्या चेसिसवर बांधलेली होती, हे साफ चूक! तसा सांगाडा आधीच्या एमजीएचा. १९६२च्या एमजीबीची बॉडी मोनोकॉकच होती, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही होते. आणि पॉवर स्टिअरिंग नाही, हा दोष कसा? वळणावर पुढची चाकं घसरू लागली की ते आधी मनगटाला कळतं. पत्रलेखकांनी एकदा ती स्वतः घाटात चालवावी, मग लिहावं.

— एक वाचक, पुणे