वणव्यानंतरचे तीन महिने

होळी सरली की शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारांवर रात्री आगीच्या रांगा दिसू लागतात. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या कुशीपर्यंत कोणत्याही गावच्या शेतकऱ्यास हा देखावा नवा नाही. बहुधा वणवा रानातच विझतो आणि दुसऱ्या दिवशी आपण तो विसरतो. परंतु एखादे वर्षी वारा फिरतो, आग वाळल्या गवतातून उतरत पाड्याच्या कुडांपर्यंत येते, आणि पाहता पाहता चार-पाच घरांची राख होते. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तथापि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते. तेथे आग विझविण्यास पाणी कोठून असणार? ओल्या डहाळ्यांनी झोडपणे एवढाच उपाय उरतो.

आग कशी विझवावी याविषयी पुष्कळ लिहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. आग विझल्यानंतर जळीतग्रस्त कुटुंबाचे काय होते, आणि त्यात आपणा जमीनधारक शेतकऱ्यांचे कर्तव्य काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नुकसान नेमके कशाचे होते ते पाहू. कारवीचा कूड आणि गवताचे छप्पर गेले हे सर्वांस दिसते. परंतु त्याच छपराखाली कणगीतले वर्षाचे भात असते, नागली-वरईचे बियाणे असते, नांगर, जू व इरली असतात, आणि आढ्याला बांधलेल्या पिशवीत शिधापत्रिका व वनहक्काचा दाखला असतो. अंगणातली पेंढ्याची उडवी गेली म्हणजे बैलांचा चारा गेला. डोंगर काळा झाला म्हणजे पावसाची पहिली हिरवळ येईपर्यंत चरणे संपले. मोहाची फुले व इतर रानमेवा यांवर जी चार पैशांची मिळकत व्हावयाची तीही बुडाली. थोडक्यात, ज्यास आपण घर जळणे म्हणतो ते वस्तुतः एक संपूर्ण हंगाम जळणे होय.

आता मदतीचा ओघ पाहावा. गावकऱ्यांचे मन दगडाचे नाही. पहिल्या आठवड्यात तांदूळ येतो, चादरी येतात, जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. पंधरा दिवसांनी तो ओघ आटतो. खरी अडचण मात्र त्यानंतर उभी राहते. मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, डोक्यावर छप्पर हवे. पेरणीस बी हवे. आणि तोपर्यंत बैल जगले पाहिजेत. या तीन गोष्टी वेळेवर न मिळाल्या तर पुढे कितीही रक्कम मिळाली तरी तो हंगाम परत येत नाही.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता एका पाड्यावरील जळिताचे कागद माझ्या हातून गेले. दोन भावांची घरे शेजारी शेजारी जळली होती. थोरल्यास खालच्या गावातील एका शेतकऱ्याने आपल्या गोठ्याची उतरविलेली कौले दिली, पेंढा दिला आणि पेरणीपुरते बी दिले. त्याने त्या वर्षी आपले भात लावले. धाकटा त्या वेळी कुटुंबासह वीटभट्टीवर होता. तो परत येईपर्यंत मदत वाटून संपली होती, पंचनामा होऊन गेला होता, आणि त्याच्या घरापुढे ‘झोपडी’ असा शब्द पडला होता. तो कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला, आणि त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही. धाकट्याने छपरासाठी भट्टीवाल्याकडून उचल घेतली. ती फेडण्यास दोन हंगाम गेले आणि त्याचे शेत पडीक राहिले. आग दोघांच्याही घरांस एकच लागली होती. निराळे होते ते पुढचे तीन महिने.

त्या एका शब्दाची किंमत वाचकांनी ध्यानात घ्यावी. आग ही शासनाच्या मदतीच्या निकषांत आपत्ती म्हणून धरलेली आहे. राज्याने 2023 साली लागू केलेल्या दरांप्रमाणे कच्चे असो की पक्के, घर पूर्णपणे नष्ट झाले तर सपाट भागात 1,20,000 रुपये व डोंगराळ भागात 1,30,000 रुपये, आणि झोपडीस मात्र 8,000 रुपये ठरले. गोठ्यास 3,000, दुभत्या गाईम्हशीस 37,500, ओढकामाच्या बैलास 32,000 आणि शेळीस 4,000 रुपये असे ते दर होते. कारवीचा कूड, मातीचा लेप, लाकडी मेढी व आढे असलेले पिढीजात घर हे कच्चे घर होय. त्यास झोपडी म्हणणे म्हणजे लेखणीने दुसऱ्यांदा आग लावणे होय. शिवाय ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घराची नोंद नसली तर अडचण आणखी वाढते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी गावातील दोन लिहितेवाचते शेतकरी तेथे उभे राहिले पाहिजेत. छायाचित्रे घ्यावीत, जळालेली गुरे पुरण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची नावे सांगावीत, आणि पंच म्हणून सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्यावा. यास एक पैही खर्च नाही. एक सकाळ मात्र द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल की घरे बांधून देणे हे सरकारचे काम आहे, शेतकऱ्याने त्यात का पडावे? सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याची गती कशी असते हे आपल्या घाटमाथ्यावरच पाहावयास मिळाले आहे. मुरबाडकडून आहुपे घाट चढून गेले म्हणजे आंबेगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी दरड कोसळून दीडशेवर माणसे दगावली. ती आपत्ती वणव्याहून फार मोठी होती आणि सर्व देशाचे लक्ष तिकडे लागले होते. तरीही वाचलेल्यांस नव्या गावातील घरे 2017 च्या एप्रिलात मिळाली. जागा शोधणे, भूगर्भाची तपासणी, संपादन, बांधकाम यांस वेळ लागतोच. मग ज्या चार घरांची बातमी तालुक्याबाहेर जात नाही, त्यांची रक्कम मृगापूर्वी हाती पडेल असे धरून चालणे शहाणपणाचे नव्हे. सरकारी मदत आणि पेरणी यांच्यामध्ये जी दरी राहते, ती भरून काढणे शेजाऱ्यासच शक्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे, आणि तो आपल्या बैठकीत नेहमी ऐकू येतो: हे लोकच मोहाखालचा पाला जाळतात, शिकारीसाठी रान पेटवितात; मग त्यांनीच भोगावे. काही वणवे असे लागतात हे खरे. परंतु आपलेही हात तपासून पाहू. चैत्र-वैशाखात शेण, पालापाचोळा व टहाळ पसरून राब कोण भाजतो? बांधावरचे गवत पेटवून घरी जेवावयास कोण जातो? वाटसरूची विडी, रस्त्याकडेचा कचरा आणि आमचा राब यांपैकी कोणत्या ठिणगीने अमुक पाडा जळला, हे राखेवरून सांगता येत नाही. ज्याचे घर जळाले त्याने ती ठिणगी टाकली असेल असे मानण्यास तर मुळीच आधार नसतो. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनास आग लावणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि कलम 79 अन्वये वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधनही घातले आहे. कायदा सर्वांस एकाच दोरीत बांधतो. आपण आपल्यापुरती गाठ सोडवून घेऊ नये. माझ्या मते जळीतग्रस्तांस आपण जे देतो ते दान नव्हेच. ते आपल्या राबाचे व बांधाचे देणे आहे.

राब एकदम सोडा असा उपदेश करण्याचा हेतू नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीने रोप चांगले आले ती रीत शेतकरी सहज टाकत नाही. परंतु डॉ. नारायण सावंत यांनी प्रसार केलेल्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची राख मातीत मिसळून राबावाचून गादीवाफ्यावर रोप करण्याची पद्धत आहे. ती एका गुंठ्यावर करून पाहण्यास हरकत नसावी. ज्यांस राब भाजावयाचाच आहे त्यांनी भोवतालचा पट्टा साफ करावा, वारा पडलेला असता सकाळीच भाजावा, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये.

आता करावयाचे काय ते सांगतो. आपल्या भागात सावडीने लावणी होते. पलीकडे आंबेगाव-जुन्नरकडे पडकईने खाचरे बांधली जातात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, हा नियम आपणास शिकवावयास नको. त्याच नियमाने प्रत्येक गावी जळितासाठी तीन वस्तूंची सोय आगाऊ करून ठेवावी.

पहिली वस्तू चारा. एका बैलास दिवसास सुमारे 6 ते 8 किलो सुकी वैरण लागते. म्हणजे एका जोडीस तीन महिन्यांत बारा क्विंटलांच्या घरात पेंढा हवा. हा भार एका शेतकऱ्यास जड आहे, वीस जणांस काहीच नाही. झोडणीनंतर प्रत्येकाने थोडा पेंढा गावच्या एका उडवीत टाकावा, आणि ती उडवी वस्तीपासून दूर, भोवती जाळरेषा काढून ठेवावी. आग न लागल्यास वैशाखात ज्याचा त्यास परत.

दुसरी वस्तू छप्पर. उतरविलेली कौले, पत्रे, बांबू, वासे आपणा पुष्कळांच्या पडवीत पडून असतात. त्यांची यादी करावी. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज धरले आहे. तेव्हा ज्या गावांस सामूहिक वनहक्क मिळाला आहे तेथे ग्रामसभेच्या ठरावाने बांबूची सोय होऊ शकेल. लाकूड त्यात येत नाही, ते मालकीच्या बांधावरून रीतसर द्यावे. घर उभारताना सावडीचे चार दिवस प्रत्येक कुटुंबाने द्यावेत. आणि घर कोठे व कसे हवे हे त्या घरच्या बाईस प्रथम विचारावे, कारण चूल तिला मांडावयाची असते.

तिसरी वस्तू बी. लावणीच्या भातास एकरी 15 किलोच्या आसपास बियाणे पुरते. दहा शेतकऱ्यांनी थोडे थोडे काढून ठेवले तरी दोन-तीन कुटुंबांची पेरणी निभावते. हे बी परत घ्यावयाचे तर जितके दिले तितकेच, आणि तेही पीक आल्यावर. सवाई-दिढीचा हिशेब जळलेल्या घराशी करू नये.

या तिन्ही वस्तूंचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि त्या समितीत पाड्यावरचे लोकही असावेत. देणारे सर्व एका बाजूस व घेणारे सर्व दुसऱ्या बाजूस बसले की सावड मोडते. कोण जाणे, पुढच्या वर्षी वारा आपल्याच गोठ्याकडे फिरेल.

आपल्या संघाच्या सभासदांस माझी विनंती एवढीच की पुढील माघात, गवत वाळण्याच्या सुमारास, प्रत्येक गावाने एक बैठक घ्यावी आणि चारा, छप्पर व बी यांची यादी कागदावर उतरवावी. आग लागल्यावर धावून जाणारे गाव चांगलेच. परंतु मृगाचा पहिला पाऊस पडेल त्या रात्री जळिताच्या जागी उभ्या राहिलेल्या घरात कोरडे अंथरूण आहे की नाही, हे ज्या गावास ठाऊक असेल त्याने शेजारधर्म पुरता पाळला, असे मी म्हणेन.